पटावर आहे, परीक्षेत नाही

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाची चाचणी 12 नोव्हेंबर 2021 रोजी झाली आणि त्यानंतरचे ‘परख’ सर्वेक्षण 4 डिसेंबर 2024 रोजी. दोन्ही तारखा ऐन गळीत हंगामातल्या. तोवर बीडच्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या उसाच्या फडांवर पोहोचलेली असतात. हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे राहिलेली मुले शाळेत येतात, बाकीची आईबापांच्या पाठोपाठ जातात. चाचणी हजर मुलांचीच होते. त्यामुळे ज्यांच्या शिक्षणाची सर्वाधिक काळजी करायला हवी, नेमकी तीच मुले गुणवत्तेच्या आकड्याबाहेर राहतात.

याचा हिशेब साधा आहे. समजा, वर्गाच्या पटावर 30 मुले आहेत. त्यांतली 12 फडावर गेली आणि उरलेल्या 18 जणांची सरासरी 60 गुण आली. गेलेली मुले हजर असती आणि त्यांना सरासरी 30 गुण मिळाले असते, तर वर्गाची सरासरी 48 भरली असती. म्हणजे स्थलांतर वाढले की निकाल सुधारल्यासारखा दिसतो. उलट, तीच मुले उन्हाळ्याच्या तोंडी परतून वर्षअखेरच्या चाचणीला बसली, की सरासरी घसरते आणि बोल शिक्षकाला लागतो. शिकवण्यात फरक पडलेला नसतो, फरक हजेरीत पडलेला असतो.

चाचण्या नकोत, असा याचा अर्थ नाही. शिक्षण हक्क कायद्यानंतर आठवीपर्यंत नापास करणे बंद झाले आणि ‘ढकलपास’ची ओरड सुरू झाली. ती खोटी नव्हती. वरच्या वर्गात जाऊनही धड वाचता न येणारी मुले मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहण्यांत वारंवार आढळली. या कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीने राज्यांना नापास करण्याची मोकळीक मिळाली आणि महाराष्ट्राने 2023-24पासून पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. त्याच वर्षी राज्याच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्याही सुरू झाल्या. मोजमापाशिवाय दुखणे कळत नाही, हा आक्षेप म्हणूनच मान्य. पण निदानासाठी घेतलेल्या चाचणीवरून शाळांची क्रमवारी लावली, की शाळा मुलाऐवजी आकडा सांभाळू लागते. अमेरिकेत 2002च्या कायद्याने शाळांचे भवितव्य गुणांना बांधले. अटलांटात शिक्षक-मुख्याध्यापकांनीच उत्तरपत्रिकांत फेरफार केले आणि 2015मध्ये अनेकजण दोषी ठरले. त्याच वर्षाअखेर तो कायदा बदलावा लागला.

परीक्षेच्या धाकाने शिक्षक कामाला लागतो, असेही म्हटले जाते. लागतोही, पण धाक फडावरच्या मुलाला वर्गात आणत नाही. त्याला वेळेवर सुरू झालेले वसतिगृह आणते. त्याचे शिक्षण हमी कार्ड पाहून फडाजवळच्या शाळेने त्याला दाखल करून घेतले, तरच त्याचा अभ्यास चालू राहतो. म्हणून प्रत्येक निकालात सरासरीशेजारी पटावरची मुले किती आणि चाचणीला बसलेली किती, हे दोन आकडे छापलेच पाहिजेत. परतलेल्या मुलाची चाचणी त्याच्या शिक्षकाने घ्यावी, तीही कोठून शिकवायला घ्यायचे हे ठरवण्यापुरतीच. गैरहजर मुलांचा हिशेब न देणाऱ्या निकालाला जिल्ह्याची गुणवत्ता म्हणता येणार नाही.