भात शिजला हे भांड्याला कसे कळते?

भात शिजला की नाही हे तुमच्या आजीला कसे कळते? ती झाकण बाजूला सारते, एक शीत उचलते आणि दोन बोटांत चेपून पाहते. शितावरून भाताची परीक्षा! पण विजेवर भात शिजवणाऱ्या भांड्याला ना बोटे, ना डोळे, ना नाक. तरीही भात होताच त्याचे बटण 'खट्' करून आपोआप वर येते. ही परीक्षा ते भांडे कशी घेते?

उत्तर शोधण्यासाठी आपण थायलंडमधील एका घरात जाऊ. तेथे हा प्रश्न नुसता पदार्थविज्ञानाचा राहत नाही. सासू, सासरे आणि जावई या तिघांमधला होतो.

आकाशातला अग्नी

थायलंडच्या ईशान्य भागाला 'ईसान' म्हणतात. हे नाव आपल्या 'ईशान' या संस्कृत शब्दावरूनच आले आहे. शेती भाताची, घरे पूर्वापार लाकडी आणि खांबांवर उभी. लग्नानंतर जावयाने बायकोच्या माहेरी राहायला जायचे, अशी येथील जुनी रीत. सासऱ्यांना 'फो ता' आणि सासूबाईंना 'मॅ याय' म्हणतात. आज पुष्कळ मुली-जावई बँकॉकला नोकरी करतात. एप्रिलच्या मध्यावर सोंगक्रान हा नववर्षाचा सण आला, की ते घरी येतात आणि येताना एखादे नवे यंत्र घेऊन येतात. सण संपतो, तरुण मंडळी परत जातात. मागे उरतात सासू-सासरे, बहुधा एखादे शाळकरी नातवंड आणि ते यंत्र!

आज पंचाहत्तरीला आलेल्या सासूबाईंचे बालपण विजेविना गेले आहे. थायलंडचे प्रांतिक वीज प्राधिकरण १९६० मध्ये स्थापन झाले. ईसानमधील खोन केन प्रांतातले उबोल रतन धरण १९६६ मध्ये वीज देऊ लागले. मात्र खेडोपाडी तारा पोहोचल्या त्या मुख्यतः १९७० आणि १९८० च्या दशकांत. थाई भाषेत विजेला 'फाय फा' म्हणतात. फाय म्हणजे अग्नी, फा म्हणजे आकाश. आपणही ढगातल्या आणि तारेतल्या विजेला एकच शब्द वापरतो, नाही का?

चुलीतला अग्नी दिसतो, तडतडतो, त्याचा वास येतो. आकाशातला हा अग्नी मात्र डब्यात लपून काम करतो. म्हाताऱ्या माणसांना यंत्र अवघड वाटते ते बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे. आयुष्यभर ज्या खुणा वाचून त्यांनी काम केले, त्या खुणा यंत्राने झाकून टाकल्या म्हणून. तेव्हा यंत्र शिकवणे म्हणजे बटणे पाठ करून घेणे नव्हे. जुन्या खुणेच्या जागी नवी खूण कोणती, हे दाखवणे होय.

लोहचुंबकाची गंमत

आता भांड्याकडे वळू. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. एकदा उकळू लागले, की कितीही उष्णता द्या, त्याचे तापमान वाढत नाही. सारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. म्हणून भांड्यात मोकळे पाणी आहे तोवर बूड १०० अंशांच्या आसपास राहते. तांदळाने पाणी शोषून घेतले, उरलेले वाफ होऊन गेले, की बुडाचे तापमान झपाट्याने चढू लागते. हाच तो क्षण! भात झाल्याची खूण शितात नाही, तापमानात आहे.

ही खूण ओळखणारे भांडे जपानमध्ये १९५५ साली तोशिबा कंपनीने बाजारात आणले. ते घडवले योशितादा मिनामी या छोट्या कारखानदाराने, आणि वारंवार भात शिजवून चाचण्या घेतल्या त्यांच्या पत्नी फुमिको यांनी. त्या भांड्यात एकात एक दोन पातेली होती. बाहेरच्या पातेल्यात पेलाभर पाणी घालायचे. ते सुमारे २० मिनिटांत आटले, की तापमान चढे, दोन धातूंची जोडपट्टी वाके आणि प्रवाह तुटे.

आजच्या साध्या भांड्यांत याहून मौजेची युक्ती असते. बुडाला टेकून फेराइट या पदार्थाचा एक तुकडा बसवलेला असतो. बटण दाबले, की खालचा लोहचुंबक त्या तुकड्याला चिकटतो आणि प्रवाह सुरू होतो. पण प्रत्येक चुंबकीय पदार्थाला एक मर्यादा असते. ठरावीक तापमान ओलांडले, की त्याचे चुंबकत्व नाहीसे होते. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर क्यूरी यांनी १८९५ मध्ये याचा सखोल अभ्यास केला. म्हणून या तापमानाला 'क्यूरी बिंदू' म्हणतात. लोखंडाचा क्यूरी बिंदू ७७० अंश आहे. भांड्यातला फेराइट मात्र असा बनवलेला असतो, की १०० अंशांच्या थोडे वर गेले की त्याचे चुंबकत्व जाते. लोहचुंबक सुटतो, स्प्रिंग त्याला खाली ओढते. खट्! प्रवाह बंद.

सासूबाईंना क्यूरी बिंदू सांगायची गरज नाही. "माए, पाणी आहे तोवर हा गप्प बसतो. पाणी संपले की हा 'खट्' म्हणतो," एवढे पुरे. पूर्वी चुलीवर भात करताना जास्तीचे पाणी ओतून काढायचे आणि भांडे मंद निखाऱ्यावर ठेवून भात कोरडा करायचा, अशी तिकडे पद्धत होती. आपल्या कोकणातले भात वेळणे आठवा! पाणी केव्हा संपते, हे त्या बाईंना कोणी शिकवायला नको.

सासूबाईंचे बरोबर असते

तरीही मॅ याय भांड्याकडे पाहून मान हलवतात. का बरे? कारण ईसानमध्ये रोजचा भात आपला नव्हे. तो 'खाव नियाव', म्हणजे चिकट भात. बोटांनी गोळा करून, चटणीत किंवा कालवणात बुडवून तो खातात.

तांदळातील पिष्टात दोन पदार्थ असतात: अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. नेहमीच्या तांदळात अमायलोज साधारण १० ते ३० टक्के असते. चिकट तांदळात ते जवळजवळ नसतेच. फांद्या फुटलेल्या रेणूंचे अमायलोपेक्टिनच काय ते असते. असा तांदूळ पाण्यात उकळला तर त्याचा लगदा होण्याची भीती. म्हणून तो रात्रभर भिजवतात, निथळतात आणि 'हुअत' नावाच्या निमुळत्या बांबूच्या टोपलीत घालून उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवतात. दाण्याला लागणारे बरेचसे पाणी भिजतानाच आत गेलेले असते. वाफ फक्त उष्णता देते, आणि तीही भरपूर! १ ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. मध्येच सारा भात उलटवायचा, शेवटी लाकडी ताटात पसरून जास्तीची वाफ घालवायची आणि 'क्रातिप' नावाच्या झाकणाच्या टोपलीत भरायचा.

म्हणजे सासूबाईंची शंका अडाणीपणाची नव्हे, शास्त्रशुद्ध आहे! नेहमीप्रमाणे पाणी घालून या भांड्यात खाव नियाव करू गेले, तर तो बिघडणारच. आता जावयाने काय करावे? भांड्याबरोबर मिळणारी भोकांची चाळणी घ्यावी. तळाशी पाणी घालून, चाळणीवर ओले फडके पसरून त्यात भिजलेला तांदूळ ठेवावा. पाणी असेपर्यंत वाफ निघत राहील आणि पाणी आटले की तीच 'खट्'. केव्हा उलटवायचा आणि झाला की नाही, हे मात्र सासूबाईच ठरवतील. एवढे करूनही त्यांना हुअतातलाच भात आवडला, तर निकाल त्यांच्या बाजूने!

माठ आणि गार कपाट

शीतकपाटाला थाई लोक 'तू येन' म्हणतात, अर्थ अगदी तोच. त्याचे तत्त्व मातीच्या भांड्यात पाणी गार करणाऱ्याला लगेच पटते. माठातून पाझरलेले पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जाते. कपाटातही नळ्यांमधल्या द्रवाची वाफ होते आणि ती आतली उष्णता घेऊन जाते. फरक इतकाच, की माठातले पाणी हवेत निघून जाते, तर कपाटात पंप त्या वाफेला दाबून पुन्हा द्रव करतो आणि उष्णता बाहेर टाकतो. म्हणूनच कपाटाची मागची किंवा बाजूची भिंत गरम लागते. एप्रिलच्या उन्हाळ्यात ते भिंतीला चिकटवून ठेवले, तर ही उष्णता जाणार कोठे?

येथे एक गैरसमज धोक्याचा ठरू शकतो. थंडीने जंतू मरत नाहीत. त्यांची वाढ मंदावते, इतकेच. ईसानमध्ये काही ठिकाणी गोड्या पाण्यातले मासे कच्चे खाण्याची सवय आहे. त्या माशांत यकृतकृमीच्या अळ्या असू शकतात. हा कृमी वर्षानुवर्षे शरीरात राहिला, तर पित्तनलिकेचा कर्करोग होऊ शकतो. "मासा फ्रिजमध्ये होता" म्हणून तो निर्धोक झाला, असे नव्हे. त्याला नीट शिजवणे हाच उपाय. या बाबतीत जुना अग्नीच खरा!

न्हाणीघरातला पहारेकरी

डिसेंबर-जानेवारीत ईसानच्या पहाटा थंड असतात. मोठ्या रांजणातले गार पाणी अंगावर घेणाऱ्या फो ता यांच्यासाठी जावई पाणी तापवायचे यंत्र बसवतो. हेतू चांगला, पण ओले अंग, अनवाणी पाय आणि वीज हे त्रिकूट फार वाईट!

हिशेब करून पाहा. ३५०० वॉटचे यंत्र २२० व्होल्टवर सुमारे १६ अँपियर प्रवाह घेते. साध्या फ्यूजला याहून मोठा प्रवाह गेल्याखेरीज जाग येत नाही. माणसाच्या शरीरातून मात्र ३० मिलिअँपियर, म्हणजे १ अँपियरचा तेहतिसावा भाग गेला, तरी जिवाला धोका असतो. फ्यूजला तो कळणारही नाही! म्हणून जमिनीत पुरलेल्या सळईला जोडलेली अर्थिंगची तार हवी आणि गळती ओळखणारा स्विचही हवा. जुन्या घरांत पुष्कळदा दोन छिद्रांचे सॉकेट असते, अर्थिंग नसते. तेथे जाणत्या वायरमनखेरीज कोणी हात लावू नये.

हा स्विच काय करतो, ते भातशेती केलेल्या सासऱ्यांना असे सांगावे: "पाटाने खाचरात जितके पाणी सोडले, तितके पलीकडे निघाले नाही, तर काय समजायचे? बांध कोठेतरी फुटला! हा स्विच जाणारा आणि परत येणारा प्रवाह असाच ताडून पाहतो. फरक पडला, की क्षणार्धात दार बंद करतो." त्यावर चाचणीचे एक बटण असते. दर महिन्याला ते दाबून स्विच पडतो की नाही हे पाहण्याचे काम फो ता यांच्याकडे द्यावे. ज्याच्याकडे पहारा असतो, त्याला यंत्र परके वाटत नाही.

बोटे, डोळे, कान

इतके करूनही अडचण येते, तेव्हा दोष बहुधा यंत्राच्या रचनेत असतो. वयाबरोबर डोळ्यांतले भिंग ताठर आणि पिवळसर होते. जवळची बारीक अक्षरे दिसत नाहीत आणि निळा दिवा अंधूक वाटतो. कान आधी तीव्र, बारीक सुरांना मुकतात; त्यामुळे यंत्राची 'पीं पीं' ऐकू येत नाही, पण 'खट्' ऐकू येते. गुळगुळीत काचेवरची स्पर्शबटणे बोटातून होणाऱ्या सूक्ष्म विद्युत बदलावर चालतात. शेतात राबून कोरड्या आणि घट्टे पडलेल्या बोटांना ती दाद देत नाहीत.

तेव्हा भेट निवडतानाच उठावदार बटणांचे, खटका ऐकू येणारे यंत्र निवडावे. रोज लागणाऱ्या एकाच बटणावर लाल ठिपका लावावा. सूचना ईसानच्या बोलीत सांगाव्यात. स्वतः करून दाखवण्यापेक्षा त्यांच्या हातून करून घ्यावे आणि आपले हात पाठीमागे बांधून उभे राहावे! थायलंडमध्ये १९९० च्या दशकापासून वीज वाचवणाऱ्या यंत्रांवर अंकांचे लेबल लावतात आणि त्यावरचा मोठा '५' काटकसरीची खूण म्हणून घरोघरी ठाऊक आहे. एक ठळक अंक पानभर मजकुराचे काम करतो, ते असे.

करून पाहा

घरातील मोठ्या माणसाला जवळ बसवून हा प्रयोग करा. मेण न लावलेल्या साध्या कागदाची पुडीसारखी वाटी करा. तिच्यात पाणी भरून ती मेणबत्तीच्या ज्योतीवर चिमट्याने धरा. पाणी तापेल, पण ज्योत पाण्याच्या पातळीखाली आहे तोवर कागद पेटणार नाही. का? विजेच्या भांड्यातले बटण ज्या कारणाने गप्प बसते, त्याच कारणाने!

मग आजी-आजोबांना विचारा: दूध उतू जाणार हे तुम्हाला आधी कसे कळते? पीठ आंबले हे कशावरून ओळखता? उत्तरे वहीत लिहा आणि प्रत्येक खुणेमागचे शास्त्र शोधा. तुमच्या घरी नवे यंत्र येईल, तेव्हा ते शिकवण्याची जबाबदारी बहुधा तुमच्यावरच पडेल. त्या दिवशी ही वही यंत्राबरोबर मिळालेल्या माहितीपुस्तिकेपेक्षा अधिक उपयोगी पडेल.