‘व्यक्ती’ या शब्दात स्त्री येते काय? : विधिव्यवसाय आणि महाविद्यालयीन क्रीडा

पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायातील पहिल्या पादात एका पदाच्या लिंगावरून मोठा वाद मांडलेला आहे. स्वर्गाची इच्छा असणाऱ्याने यज्ञ करावा, असा विधी. या विधिवाक्यातील ‘स्वर्गकाम’ हे पद पुंलिंगी आहे. मग यज्ञाचा अधिकार पुरुषालाच, की स्त्रीलाही? ऐतिशायन म्हणतो, लिंगाचा विशेष निर्देश आहे, त्या अर्थी अधिकार पुरुषाचाच. बादरायणाच्या नावे दिलेले उत्तर असे की, पद जातीचे वाचक आहे. लिंग तेथे विवक्षित नाही. पूर्वपक्षी एवढ्याने थांबत नाही. स्त्रीजवळ द्रव्य नसते, मग ती यज्ञ करणार कशाने, असा त्याचा पुढचा आक्षेप. त्यावर सिद्धान्ती म्हणतो की, फलाची इच्छा दोघांच्या ठायी सारखीच असते. सिद्धान्त स्त्रीच्या बाजूने लागला खरा. मात्र तिने पतीसमवेत यज्ञ करावा ही अट त्याला जोडलेली आहे, हेही सांगितले पाहिजे.

हा वाद येथे आठवण्याचे कारण असे की, गेल्या दीडशे वर्षांत इंग्रजी भाषेतील कायद्यांच्या संदर्भात तो जवळजवळ त्याच क्रमाने पुन्हा घडला. प्रथम वकिलीच्या सनदेसंबंधी घडला आणि नंतर, काहीशा अनपेक्षित रीतीने, अमेरिकेतील महाविद्यालयांच्या क्रीडांगणावर. दोन्ही ठिकाणी वादाच्या केंद्रस्थानी ‘व्यक्ती’ या अर्थाचा ‘पर्सन’ हा एकच शब्द होता. प्रस्तुत लेखात त्या शब्दाचा हा प्रवास पाहावयाचा आहे.

आधी भाषाशास्त्राच्या बाजूने दोन शब्द. पुंलिंगी आणि स्त्रीलिंगी रूपे ही तराजूच्या दोन पारड्यांसारखी समतोल नसतात. ‘विद्यार्थ्यांनी शांत बसावे’ या सूचनेत मुलीही येतात. ‘विद्यार्थिनींनी शांत बसावे’ या सूचनेत मुले येत नाहीत. पहिल्या प्रकारच्या रूपाला भाषाशास्त्रात ‘अचिन्हित’ आणि दुसऱ्याला ‘चिन्हित’ म्हणतात. परंतु अचिन्हित रूप सर्वसमावेशक असतेच असे मात्र नाही. ‘गावातील शेतकऱ्यांनी आपल्या बायकांसह यावे’ या वाक्यात ‘शेतकरी’ हे पद क्षणात केवळ पुरुषांचे होऊन बसते, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही खटकतही नाही. शेतात राबणारे अर्धे हात त्या पदातून केव्हा निसटले, हे कळत नाही. समावेश करावयाचा की नाही हे शब्द ठरवीत नाही; बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनातील जगाचे चित्र ठरविते. न्यायालयांच्या बाबतीत तर याचा पुरावा निकालपत्रांच्या रूपाने लेखी उपलब्ध आहे.

अमेरिकेतील आयोवा राज्यात १८६९ साली अ‍ॅराबेला मॅन्सफील्ड यांना सनद मिळाली. तेथील कायद्यात ‘गोरा पुरुष’ असे शब्द स्पष्ट असतानाही न्यायाधीशांनी असे ठरविले की, पुरुषाला होकार देणे म्हणजे स्त्रीला नकार देणे नव्हे, आणि पुंलिंगी शब्दांत स्त्रिया येतात असे त्या राज्याच्या संहितेतच म्हटलेले आहे. शेजारच्या इलिनॉय राज्यात नेमके उलट घडले. तेथील कायद्यात पुरुष हा शब्दच नव्हता. तरीही मायरा ब्रॅडवेल यांचा अर्ज नाकारला गेला आणि १८७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नकार कायम केला. न्यायमूर्ती ब्रॅडली यांनी स्वतंत्र मत लिहून, पत्नी आणि माता होणे हेच स्त्रीचे विधिलिखित आहे अशा आशयाचे कारण दिले. म्हणजे जेथे शब्द प्रतिकूल होता तेथे दार उघडले आणि जेथे तो मोकळा होता तेथे बंद झाले. ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहिल्यास, कायदा केवळ शब्दांवर चालतो ही समजूत फार काळ टिकत नाही.

इंग्लंडमध्ये सॉलिसिटरांसंबंधीचा कायदा १८४३ सालचा. पुंलिंगी शब्दांत स्त्रियांचा अंतर्भाव समजावा असे कलम त्यात होते. तरीसुद्धा ग्विनेथ बेब या ऑक्सफर्डच्या विदुषीचा दावा १९१३ साली फेटाळण्यात आला. आजवर कोणी स्त्री सॉलिसिटर झालेली नाही, तेव्हा कायदेमंडळाच्या मनातही ती नसणार, अशी विचारसरणी होती आणि तिला तीन शतकांपूर्वीच्या लॉर्ड कोक यांच्या ग्रंथाचा आधार होता. या युक्तिवादातील वर्तुळ उघड आहे: स्त्री आजवर नव्हती म्हणून शब्दात नाही, आणि शब्दात नाही म्हणून पुढेही नसावी.

हेच वर्तुळ हिंदुस्थानात आले. रेजिना गुहा यांनी वकिलीसाठी केलेला अर्ज १९१६ साली कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने अमान्य केला. १८७९ च्या कायद्यात ‘पर्सन’ हा शब्द होता, आणि पुंलिंगी पदांत स्त्रीलिंगाचा समावेश होतो असा सर्वसाधारण नियमही होता. परंतु विषय वा संदर्भ विरोधी नसेल तर, अशी पुस्ती त्या नियमाला होती. सगळा निकाल त्या पुस्तीवर उभा राहिला. १९२१ साली पाटणा उच्च न्यायालयाने सुधांशुबाला हाजरा यांच्या बाबतीत तोच मार्ग धरला. त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने मात्र कॉर्नेलिया सोराबजी यांना वकील म्हणून नोंदवून घेतले. देश एक, राजवट एक, वर्षही एक. व्यक्ती या शब्दात स्त्री गंगेकाठच्या एका शहरात येत होती आणि दुसऱ्यात येत नव्हती.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा आपल्या प्रांताशी जवळचा संबंध आहे. त्यांचा जन्म १८६६ साली नाशिक येथे झाला. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले, आणि मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर. ऑक्सफर्डची बी.सी.एल. परीक्षा त्यांनी १८९२ साली विशेष परवानगीने दिली. पदवी मात्र त्यांच्या हाती १९२२ साली पडली, कारण १९२० पर्यंत ते विद्यापीठ स्त्रियांना पदवीच देत नसे. परीक्षेस बसलेली विद्यार्थिनी आणि पदवीस पात्र असलेली ‘व्यक्ती’ यांच्यामधले अंतर तीस वर्षांचे होते. मधल्या काळात त्यांनी बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या सेवेत राहून पडदानशीन जमीनदार स्त्रियांना कायद्याचा सल्ला दिला. म्हणजे काम वकिलाचे आणि नाव मात्र दुसरे.

अखेर दोन्ही देशांत कायदेमंडळालाच बोलावे लागले. ब्रिटनमध्ये १९१९ च्या कायद्याने लिंग वा विवाह या कारणास्तव व्यवसायबंदी नाहीशी केली. हिंदुस्थानात १९२३ च्या कायद्याने स्त्री विधिव्यवसायींचा अधिकार नि:संदिग्ध शब्दांत मान्य केला. त्यानंतर मिठन टाटा (पुढे लाम) या मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. कॅनडात, सिनेटवरील नेमणुकीच्या संदर्भात, हाच शब्द १९२९ साली प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि तेथे स्त्रीही ‘पर्सन’ आहे असा निर्णय झाला.

या पार्श्वभूमीवर अमेरिकेचा १९७२ चा कायदा पाहावा. शिक्षणविषयक सुधारणा कायद्याचा हा नववा विभाग ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखला जातो. त्याचे मूळ वाक्य अवघे ३७ इंग्रजी शब्दांचे. कोणत्याही व्यक्तीला, लिंगाच्या कारणावरून, संघ शासनाचे साहाय्य मिळणाऱ्या शैक्षणिक कार्यक्रमात वा उपक्रमात सहभागापासून वगळता येणार नाही, त्याच्या लाभांना मुकविता येणार नाही, वा भेदभावाने वागविता येणार नाही, असा त्याचा आशय. वाक्याची सुरुवात ‘नो पर्सन’ या शब्दांनी होते. पन्नास वर्षांपूर्वी ज्या शब्दात स्त्री मावत नव्हती, तो शब्द आता तिच्यासाठीच योजला गेला. संसदेत हा विषय पुढे नेणाऱ्यांपैकी पॅट्सी मिंक यांनी १९५१ साली शिकागो विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली होती, आणि त्यानंतर कोणतीही वकिली पेढी त्यांना कामावर घेण्यास तयार नव्हती. २००२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, कायद्याला त्यांचेच नाव देण्यात आले.

या वाक्यात खेळाचा उल्लेखही नाही. प्रवर्तकांच्या डोळ्यांपुढे मुख्यत: प्रवेश आणि नेमणुका होत्या. विधि महाविद्यालयांत परिणाम दिसून आला: सत्तरीच्या आरंभी तेथील विद्यार्थ्यांत स्त्रिया एक-दशमांशाच्या आसपास होत्या, आणि २०१६ साली त्या प्रथमच निम्म्याहून अधिक झाल्या. पण शब्दाची खरी कसोटी क्रीडांगणावर लागली, आणि याचे कारण रचनेत आहे. सनद एकेकाला मिळते; तेथे दार एकच, ते उघडले की प्रश्न संपतो. खेळांत मात्र स्त्रियांचे आणि पुरुषांचे संघ वेगळे असतात, आणि १९७५ च्या विनियमांनी तशी मुभाही ठेवली. दारे दोन असली म्हणजे समता ही मोजण्याची गोष्ट होते: जागा किती, शिष्यवृत्त्या किती, सरावाच्या वेळा कोणाच्या, गरम पाणी कोणाला. हे शेवटचे विनोदाने लिहिलेले नाही. येल विद्यापीठाच्या महिला नौकानयन संघाला नदीवर सराव झाल्यावर ओल्या कपड्यांनी बसमध्ये थांबावे लागे, कारण स्नानगृहे पुरुषांसाठीच होती. १९७६ साली त्या खेळाडूंनी क्रीडाविभागाच्या कचेरीत जाऊन अंगावर ‘टायटल नाइन’ ही अक्षरे लिहून निषेध केला.

मोजमापासाठी १९७९ साली शासनाने तीन पर्याय सांगितले. त्यांपैकी कोणताही एक पुरा केला तरी चालते. खेळाडूंमधील स्त्री-पुरुषांचे प्रमाण विद्यार्थिसंख्येतील प्रमाणाशी जुळावे; किंवा ज्या लिंगाचा सहभाग कमी आहे त्याच्या संधी सातत्याने वाढवीत आल्याचा इतिहास दाखवावा; किंवा त्याच्या इच्छा आणि क्षमता यांची पूर्ण सोय झाली आहे हे सिद्ध करावे. यातील तिसरा पर्याय वाचताना मीमांसेतला वाद आठवल्यावाचून राहत नाही. ब्राउन विद्यापीठाने १९९१ साली खर्चात काटछाट करताना महिलांच्या जिम्नॅस्टिक्स आणि व्हॉलीबॉल या संघांचा निधी काढून घेतला. पुरुषांच्याही दोन संघांचा काढला. प्रकरण न्यायालयात गेले तेव्हा विद्यार्थ्यांत स्त्रिया सुमारे ५१ टक्के आणि खेळाडूंत सुमारे ३८ टक्के होत्या. विद्यापीठाचे म्हणणे असे की, मुलींना खेळाची आवडच कमी. १९९६ साली अपील न्यायालयाने उत्तर दिले की, आवड ही संधीनुसार घडते. संधी नाकारून कमी झालेल्या आवडीलाच नकाराचे समर्थन करता येणार नाही. स्त्रीच्या ठायी फलेच्छा असते की नाही, हाच तो जुना पूर्वपक्ष. आणि ‘आजवर कोणी स्त्री वकील नव्हती’ हे बेब प्रकरणातील वर्तुळही येथे नव्या कपड्यांत हजर आहे; फरक इतकाच की, या वेळी न्यायालयाने ते ओळखले.

‘पर्सन’ शब्दाचा वाद मिटला तरी वाक्यातील इतर शब्द शिल्लक होतेच. १९८४ साली ग्रोव्ह सिटी महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘कार्यक्रम’ या शब्दाचा अर्थ आक्रसून घेतला: साहाय्य ज्या विशिष्ट खात्याला पोचते तेवढाच कार्यक्रम. क्रीडाखात्यांना थेट साहाय्य क्वचितच मिळे. त्यामुळे बहुतेक क्रीडांगणे कायद्याच्या कक्षेबाहेर गेली. काँग्रेसने १९८८ साली, राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार ओलांडून, कार्यक्रम म्हणजे संपूर्ण संस्था असे स्पष्ट केले. चार वर्षे एका नामाच्या अर्थव्याप्तीत गेली, आणि विद्यार्थिदशा साधारण चारच वर्षांची असते.

संख्येच्या दृष्टीने पाहता फरक मोठा आहे. अमेरिकेच्या माध्यमिक शाळांत १९७१-७२ साली खेळणाऱ्या मुली सुमारे २ लाख ९४ हजार होत्या. २०१८-१९ मध्ये त्या सुमारे ३४ लाख झाल्या. परंतु याच काळात एक उलटी गोष्टही घडली. १९७२ साली महाविद्यालयीन महिला संघांपैकी ९० टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या. २०१४ च्या सुमारास हे प्रमाण ४३ टक्क्यांवर आले. महिला संघांना पैसा आणि मान मिळू लागताच ती पदे पुरुषांनाही हवीशी झाली, आणि स्त्रियांचे स्वतंत्र क्रीडाविभाग पुरुष संचालकांच्या विभागांत विलीन होत गेले. कायद्यातील व्यक्ती विद्यार्थिनी म्हणून आत आली, आणि प्रशिक्षिका म्हणून निम्म्याहून अधिक बाहेर पडली. आपल्याकडील न्यायसंस्थेतही पायरीगणिक संख्या विरळ होते: सर्वोच्च न्यायालय १९५० साली स्थापन झाले, पहिली महिला न्यायमूर्ती १९८९ साली आली, आणि २०२१ अखेरपर्यंत एकूण ११ झाल्या.

मराठीपुरते एक निरीक्षण. आपल्या कोर्टकचेरीच्या भाषेत ‘पर्सन’साठी ‘इसम’ हा शब्द रूढ आहे आणि तो पुंलिंगी आहे. ‘सदर इसम’ म्हटले की पुरुषच डोळ्यांपुढे येतो; स्त्री असेल तर लिहिणारा ‘सदर महिला’ लिहितो. ग्रांथिक पर्याय ‘व्यक्ती’ हा संस्कृतातून आला आणि तो स्त्रीलिंगी आहे. ती व्यक्ती पुरुष असली तरी ‘ती’च. व्याकरणाने स्त्रीलिंगी असलेल्या या शब्दात पुरुष येतो की नाही, असा प्रश्न घेऊन कोणी न्यायालयात गेल्याचे ऐकिवात नाही. ‘वकीलीणबाई’ म्हणजे मात्र बहुतेक ठिकाणी अजून वकिलाची पत्नी. स्वत: वकिली करणाऱ्या बाईसाठी मराठीने वेगळे रूप घडविले नाही, ‘वकील आल्या’ असे म्हणून, नाम तसेच ठेवून, लिंग आणि आदर यांचा भार क्रियापदावर टाकला. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाच्या २४ व्या कलमातील इंग्रजी वाक्यही ‘पर्सन’ हा कर्ता घेते आणि पुढे ‘ही’ या पुंलिंगी सर्वनामावर जाते. १९१६ च्या पीठासमोर हे सर्वनाम पुरेसे ठरले असते. आज ते वाचून कोणाही मुलीचा अर्ज परत जात नाही.