कोहात 'टेबल सापडत नाही' आलं? आधी माऊसवरचा हात काढा!

जळगाव-धुळ्याकडच्या वाचनालयांत, कॉलेजांत कोहा चालवणाऱ्यांसाठी आजचा विषय. २००० साली न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयात सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण आतला डेटा तुमच्या कित्येक वर्षांच्या मेहनतीचा आहे. तो जपायचा कसा, ते बघू.

एरर असा येतो: 'सिस्टिमप्रेफरन्सेस टेबल अस्तित्वात नाही', नंबर ११४६. या टेबलात कोहाच्या सेटिंग्ज असतात आणि व्हर्जनचा नंबरही. तो नंबर मिळाला नाही की कोहाला वाटतं, आपण नवीनच बसतोय. मग ते सरळ इन्स्टॉलरचं पान उघडतं. खरा धोका इथेच! पुढे-पुढे दाबत गेलात, तर इन्स्टॉलर जुनी टेबलं काढून रिकामी बनवतो. पुस्तकं गेली, सभासद गेले.

टेबल गायब होतं कसं? बॅकअप फाइलमध्ये टेबलं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने येतात. पुस्तकं 'बी'मध्ये, सभासदही 'बी'मध्ये, सेटिंग्ज मात्र शेवटाकडे 'एस'मध्ये. रिस्टोअर चालू असताना लाइट गेली किंवा पेनड्राइव्हवर फाइल अर्धवट उतरली, तर पुस्तकं येतात, सेटिंग्ज राहून जातात.

आता काय करायचं?

१. इन्स्टॉलर बंद करा. आता आहे त्या डेटाबेसचा आधी वेगळा बॅकअप घ्या.

२. कोहा-कॉन्फ फाइलमध्ये डेटाबेसचं नाव तपासा. कधी कधी टेबल जागेवरच असतं, कोहा भलत्याच डेटाबेसमध्ये शोधत असतं.

३. कोहाचा रोजचा बॅकअप स्पूल फोल्डरमध्ये असतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये तो फक्त दोन दिवसांचाच ठेवला जातो! म्हणून आजच कॉपी करून दुसऱ्या डिस्कवर टाका. 'सोमवारी बघू' म्हणालात, तर चांगली फाइल निघून जाईल.

४. बॅकअप फाइलची शेवटची ओळ वाचा. 'डम्प कम्प्लिटेड' लिहिलेलं असेल, तर फाइल पूर्ण. नसेल, तर त्याआधीची घ्या.

५. रिस्टोअर आधी दुसऱ्या कॉम्प्युटरवर करून बघा. पुस्तकं, सभासद, देवघेव मोजा. जुळलं, की मगच मूळ मशीनला हात लावा.

टेबल हाताने रिकामं बनवायच्या भानगडीत पडू नका. एरर बदलेल, सेटिंग्ज परत येणार नाहीत.

आणि एरर नसला तरी आज एवढं कराच: कालच्या बॅकअपची शेवटची ओळ उघडून बघा. काय दिसलं, ते व्हिडिओखाली लिहा.