न दिसणारा थकवा

नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस झालेल्या माणसाने कढत नव्हे, कोमट पाणी घ्यावं, असं सांगितलं की घरातली वडीलधारी मंडळी विचारतात, ‘गरम पाण्याने कुणाला काय होतंय?’ होतं. धड पायांनी न्हाणीघरात गेलेली सून भिंत धरत बाहेर येते, समोरचं धुरकट दिसतं आणि अंग निवलं की पुन्हा पूर्ववत होतं. म्हणूनच तिच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

हा प्रकार जुना आहे. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच तो नोंदवला. एमआरआय नव्हता त्या काळात तर रुग्णाला गरम पाण्यात बसवून लक्षणं वाढतात का, हे पाहणं ही निदानाची एक चाचणीच होती. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. आवरण गेलेल्या नसेतून संदेश कसाबसा पुढे सरकतो; शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी तो अडतो. उष्म्याने नवी इजा होत नाही, हे मात्र रुग्णाला ठासून सांगायला हवं. नाहीतर भीतीपोटी व्यायाम सुटतो. पूर्वी डॉक्टरही विश्रांतीच सांगत. आता झेपेल तेवढ्या नियमित व्यायामावर भर असतो. सकाळच्या गारव्यात, आधी गार पाणी पिऊन, मानेवर ओला पंचा टाकून तो करावा.

थकवा हे या आजाराचं सर्वांत जाचक आणि सर्वांत कमी मानलं जाणारं लक्षण. रात्रभर झोपूनही सकाळी दहाला हात उचलवत नाही. आजार बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो आणि बायकांना पुरुषांपेक्षा दुपटीहून अधिक गाठतो. म्हणजे ऐन नोकरी-संसाराच्या वयात ‘आळशी’ हा शिक्का. त्यावर हुकमी गोळी नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत अमँटाडीन, मोडाफिनिल आणि मिथिलफेनिडेट ही नेहमी दिली जाणारी तिन्ही औषधं औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. उपाय उरतो तो दिवसाच्या आखणीचा. कणीक बसून मळायची, भाजी आदल्या संध्याकाळी निवडून ठेवायची, मे महिन्यात दुपारी गॅससमोर उभं राहायचं नाही, आणि अंग गळून जाण्याआधीच आडवं व्हायचं. झोप, रक्तातलं लोह, थायरॉइड आणि मनाची उदासी हेही तपासून घ्यावं, कारण यांतल्या प्रत्येकावर उपचार आहेत.

या आजारातली लघवीची तक्रार बायका वर्षानुवर्षं लपवतात. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून बाहेर जाताना पाणीच पीत नाहीत. हे चूक आहे. त्याने मूत्रमार्गाला संसर्ग होतो, बद्धकोष्ठता वाढते. मूत्राशय पूर्ण रिकामं होतं का, हे सोनोग्राफीत कळतं; होत नसेल तर स्वतः नळी घालून ते रिकामं करायला शिकता येतं. पाय ताठरतात, त्यासाठी रोजचे ताणाचे व्यायाम आणि बॅक्लोफेन.

ताप किंवा मूत्रसंसर्ग असला की जुनी लक्षणं उसळतात. तो आजाराचा नवा झटका नव्हे, मूळ कारण बरं झालं की ती ओसरतात. पण ताप नसताना नवं लक्षण चोवीस तासांहून अधिक टिकलं, एक डोळा दुखून त्याची नजर मंदावली, लाल रंग फिका दिसू लागला, तर न्यूरॉलॉजिस्टकडे लगेच जायचं. झटके कमी करणारी औषधं १९९३ पासून उपलब्ध आहेत आणि पुढे अधिक प्रभावी औषधं आली. ती लवकर सुरू करावीत आणि बरं वाटतंय म्हणून परस्पर बंद करू नयेत. तंबाखू ओढण्याने हा आजार अधिक वेगाने बळावतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे. पण प्रमाणपत्र टक्क्यांत मिळतं आणि थकवा टक्क्यांत बसत नाही. त्यामुळे काठी न घेता चालणाऱ्यांची तिथेही ओढाताण होते. कार्यालयात, शाळेत, सोसायटीत असं कुणी असेल तर सकाळची पाळी द्या, गार जागा द्या, स्वच्छतागृहाजवळचं टेबल द्या. याला फारसा खर्च येत नाही. ते मागण्याची वेळ त्यांच्यावर येऊ देऊ नका.