आवाजाच्या धंद्यात मीटरपट्टी एकच हवी

लाऊडस्पीकर भाड्याने देणारे आपले अनेक कारागीर आता रेकॉर्डिंगच्या कामातही उतरले आहेत. लग्न, जलसे, मुशायरे, कव्वालीचे कार्यक्रम यांचे ध्वनिमुद्रण करून द्यावे लागते. त्यासाठी कॉम्प्युटर, ऑडिओ इंटरफेस आणि जादा माइकसाठी आठ चॅनेलचा प्रीॲम्प अशी जोडणी करतात. माल चांगला, माणूस मेहनती, तरीही रेकॉर्डिंगमध्ये मधूनच ‘टक्, टक्’ ऐकू येते. मुशायरा काही दुसऱ्यांदा भरत नाही. गिऱ्हाईक पैसे अडवते आणि कारागीर मशीन बिघडले समजून नवे आणायला धावतो. पुष्कळदा मशीन ठीक असते, क्लॉकची सेटिंग तेवढी चुकलेली असते.

हे क्लॉक म्हणजे काय? डिजिटल यंत्र आवाजाचे दर सेकंदाला हजारो वेळा माप घेते आणि ते आकड्यांत लिहिते. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीसाठी हे माप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतात. व्हिडिओच्या कामात ४८,००० चा दर चालतो. हे माप कधी घ्यायचे, याची टिचकी देणारे यंत्रातले घड्याळ म्हणजे क्लॉक.

आम्ही कापडवाले मापाला फार जपतो. एका दुकानात दोन मीटरपट्ट्या असल्या आणि त्यांत सुताएवढा फरक असला, तर एका मीटरला तो दिसत नाही, शंभर थान मोजले की हिशेब चुकतो. येथेही तेच. दोन यंत्रांवर ४८,००० लिहिलेले असले तरी दोघांची घड्याळे तंतोतंत एक नसतात. दहा लाखांत दहाचा फरक धरला तरी सेकंदाला जवळपास अर्धे माप मागेपुढे होते. दर दोन सेकंदांनी एक माप गळते किंवा दोनदा घेतले जाते, आणि तेथेच ‘टक्’ होते. दोन तासांच्या कार्यक्रमात हा फरक ३,४५६ मापांपर्यंत जातो.

म्हणून पहिला नियम असा की जोडणीत मालक घड्याळ एकच, बाकी सर्वांनी त्याच्यामागे चालावे. जुन्या कारखान्यात एका शाफ्टवर पट्ट्यांनी अनेक माग चालत, तसेच हे आहे.

आपली नेहमीची जोडणी घेऊ. आठ चॅनेलचा प्रीॲम्प ऑप्टिकल केबलने इंटरफेसला आवाज पाठवतो. या पद्धतीला एडॅट म्हणतात. ४८,००० च्या दराने एका केबलमधून आठ चॅनेल जातात, ९६,००० च्या दराने चारच. आवाजाबरोबर घड्याळाची टिचकीही त्याच केबलमधून येते. तेव्हा प्रीॲम्पचे क्लॉक ‘इंटरनल’ ठेवावे आणि इंटरफेसचे क्लॉक ‘एडॅट’ किंवा ‘ऑप्टिकल’ करावे. दोन्ही ‘इंटरनल’ राहिली की टकटक सुरू झालीच समजा.

इंटरफेसलाच मालक ठेवायचे असेल तर वर्ड क्लॉकची वेगळी केबल लागते. तिला बीएनसी जोड आणि ७५ ओहमची तार हवी. ती इंटरफेसच्या ‘आउट’मधून प्रीॲम्पच्या ‘इन’मध्ये द्यावी आणि प्रीॲम्प ‘एक्सटर्नल’ करावा. ‘लॉक’चा दिवा लुकलुकत असेल तर काम सुरू करू नये.

सॅम्पल रेट सर्व यंत्रांवर आणि कॉम्प्युटरमध्येही एकच असावा. ४४,१०० चे रेकॉर्डिंग ४८,००० ने वाजवले तर साठ मिनिटांचा कार्यक्रम पंचावन्न मिनिटांत उरकतो आणि गाणाऱ्याचा सूर सुमारे दीड अर्धस्वराने वर चढतो. व्हिडिओवाल्याला माल द्यायचा असेल तर आधी विचारून ४८,००० ठेवावा.

आता इनपुट. इंटरफेसच्या ऑप्टिकल खिडकीतून एडॅट आणि एसपीडीआयएफ असे दोन्ही प्रकार येऊ शकतात. केबल दिसायला सारखीच, पण एसपीडीआयएफमधून दोनच चॅनेल येतात. सेटिंगमध्ये योग्य नाव निवडले नाही तर आवाजच येणार नाही. मिक्सरची लाइन माइकच्या इनपुटमध्ये घालू नये, आवाज फाटतो. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो.

आवाजाची पातळी मीटरवर उणे १८ च्या आसपास ठेवावी. डिजिटलमध्ये शून्य हे छत आहे. त्याच्या वर गेलेला आवाज कापला जातो आणि तो परत जोडता येत नाही. शायर एकदम आवाज चढवतो तेव्हा ही शिल्लक जागा कामी येते.

आउटपुटमध्ये स्पीकर कोणत्या जोडीवर आणि हेडफोन कोणत्यावर, हे आधी ठरवून कागदावर लिहावे. बाहेर जाणारा आवाज फिरून त्याच यंत्राच्या इनपुटमध्ये येऊ देऊ नये, नाहीतर शिट्टी वाजते. हेडफोनमध्ये आवाज दोनदा ऐकू येत असेल तर इंटरफेसचे आणि कॉम्प्युटरचे मॉनिटरिंग दोन्ही चालू आहे असे समजून एक बंद करावे.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पूर्ण जोडणी करून अर्धा तास रेकॉर्ड करावे आणि ते हेडफोनवर शांतपणे ऐकावे. घड्याळ फिरलेले असेल तर त्या अर्ध्या तासात उघडे पडेल. या तपासणीला पैसा लागत नाही. बयाणा घेऊन काम बिघडले तर मात्र पैसाही जातो आणि बाजारातले नावही.