गोळीला सहज दाद न देणारा जंत

धाराशिवची माती उन्हाळ्यात भेगाळते. त्या कोरड्या उन्हात चाबूककृमीची अंडी फार टिकत नाहीत. पण टँकरच्या टाकीखालचा चिखल, मोरीच्या पाण्यावर वाढलेलं परसातलं अळू, एवढी ओल आणि सावली त्यांना पुरते. विष्ठेतून ताजं पडलेलं अंडं निरुपद्रवी असतं, ओल्या मातीत १५ ते ३० दिवस काढल्यावर ते घातक होतं. मग मळक्या हातातून किंवा न धुतलेल्या कोथिंबिरीतून ते मुलांच्या पोटात जातं. दुष्काळात संडासाला पाणी पुरेनासं झालं की माणसं पुन्हा उघड्यावर बसतात आणि मातीत नवी अंडी पडतात.

हा जंत तीन ते पाच सेंटिमीटर लांब, आसुडासारखा. जाड भाग मुठीचा, दोऱ्यासारखा बारीक भाग तोंडाकडचा, आणि तोच मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला अस्तरात रुतवून तो बसतो. थोडे जंत असले तर काहीच जाणवत नाही. शेकडो झाले की मात्र पोर रक्त आणि शेंबूड मिसळलेली आव टाकतं, सारखं कुंथतं. एक जंत दिवसाला सुमारे ०.००५ मिलिलीटर रक्त गमावायला लावतो, म्हणजे २०० जंतांमागे रोज एक मिलिलीटर. आधीच रक्त कमी असलेल्या मुलाला हे झेपत नाही, त्याची वाढ खुंटते. कधी कुंथून कुंथून अंग बाहेर येतं आणि त्यावर पांढरे जंत लटकलेले दिसतात. ते मूळव्याध समजून घरगुती लेपांत दिवस घालवू नयेत, दवाखाना गाठावा.

२०१५ पासून शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची जंताची गोळी मिळते, आणि ती घ्यायलाच हवी. पण ४०० मिलिग्रॅमच्या एका मात्रेने चाबूककृमीचे जेमतेम तिसरा हिस्सा रुग्ण पूर्ण बरे होतात. गोल जंताला ती फार चांगली लागू पडते, याला नाही. म्हणून डॉक्टर ती सलग तीन दिवस देतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली आवश्यक औषधांच्या यादीत आतड्यातल्या जंतांसाठी आयव्हरमेक्टिनही घातलं, अल्बेंडाझोलच्या जोडीला ते चाबूककृमीवर अधिक गुणकारी ठरतं.

तेव्हा गोळी घेऊनही आव थांबत नसेल, तर नुसती पुन्हा गोळी मागू नका. शौचतपासणी करून घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली पिवळट-तपकिरी, दोन्ही टोकांना पारदर्शक बूच असलेलं अंडं दिसलं की निदान पक्कं. उपचार संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी.