रोग दुर्मिळ, नमुने मोलाचे

रोहिणीतून ऑक्सिजनयुक्त रक्त वाहते, असे वर्गात शिकवताना आपण लगेच एक अपवाद सांगतो : फुप्फुस-रोहिणी. हृदयाच्या उजव्या जवनिकेतून निघून ती ऑक्सिजन कमी असलेले रक्त फुप्फुसांकडे नेते. तिचे आणखी एक वेगळेपण म्हणजे आतला कमी दाब. दंडावर मोजलेला दाब १२०/८० असेल, तर त्याची सरासरी सुमारे ९३ मिलिमीटर पारा येते. फुप्फुस-रोहिणीत विश्रांतीच्या वेळी ती जेमतेम १४ असते. म्हणूनच उजव्या जवनिकेची भिंत पातळ असूनही तिचे काम भागते.

काही जणांत फुप्फुसांतील बारीक रोहिण्यांच्या भिंती जाड होतात व पोकळी अरुंद होते. दाब वाढतो. उजवी जवनिका आधी जाड होते, मग थकते. दम लागणे, थकवा ही लक्षणे इतर अनेक रोगांतही दिसत असल्याने निदानाला उशीर होतो. खात्रीसाठी शिरेतून बारीक नळी हृदयामार्गे फुप्फुस-रोहिणीपर्यंत न्यावी लागते.

हे का घडते, ते शोधायचे तर रोगट रोहिणीच पाहायला हवी. पण या रुग्णांच्या फुप्फुसाचा तुकडा काढणे रक्तस्रावामुळे जिवावर बेतू शकते. शिवाय रोग दुर्मिळ. अमेरिकेत १९८१ ते १९८५ या काळात ३२ केंद्रांनी मिळून नोंदी केल्या, तेव्हा कारण न सापडलेले १८७ रुग्ण मिळाले. एकट्या रुग्णालयाकडे जमणाऱ्या मोजक्या नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढणार?

यावर दोन मार्ग निघाले. फुप्फुस-प्रत्यारोपणात रुग्णाचे जे फुप्फुस काढले जाते, ते संमतीने जपून ठेवायचे. मात्र ते रोगाची शेवटची अवस्था दाखवते, सुरुवात नव्हे. दुसरा मार्ग रक्ताचा. अनेक रुग्णालयांनी एकाच पद्धतीने रक्त घ्यायचे आणि एका ठिकाणी साठवायचे.

'एकाच पद्धतीने' याचे महत्त्व वर्गात सहज दाखवता येईल. वांग्याच्या दोन फोडी करा. एक उघडी ठेवा, दुसरी लिंबू पिळलेल्या पाण्यात. तासाभराने उघडी फोड पाहून 'वांगे आतून तपकिरी असते' असे कोणी म्हटले तर ते चूक ठरेल. रक्ताचेही तसेच आहे. नळीत घेतल्यावरही पेशींतील घडामोडी चालू राहतात. म्हणून रक्तद्रव ठरलेल्या वेळात वेगळा करून उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवतात. आरएनए लवकर मोडतो, म्हणून तो टिकवणारे द्रावण रक्तात लगेच मिसळतात. डीएनए त्या मानाने चिवट. एका रुग्णालयाने तासात आणि दुसऱ्याने दिवसभराने रक्तद्रव काढला, तर हाताळणीतला फरक रोगातला फरक वाटू शकतो. तुलनेसाठी निरोगी व्यक्तींचे नमुनेही तसेच घ्यावे लागतात.

या चिकाटीला फळ आले. रोग पिढ्यान् पिढ्या दिसणाऱ्या कुटुंबांच्या डीएनएवरून २००० साली दोन संशोधक गटांना 'बीएमपीआर-२' या जनुकातील बिघाड सापडला. पेशींची वाढ आवरणारा संदेश या बिघाडाने क्षीण होतो. २०१८ मध्ये हजाराहून अधिक रुग्णांचा संपूर्ण जनुकसंच वाचून आणखी काही जनुकांचा संबंध दिसला. वाढ वाढवणारे आणि वाढ रोखणारे संदेश यांचा तोल सावरणाऱ्या 'सोटाटरसेप्ट' या औषधाला मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याने रोग समूळ जात नाही, पण उपचारांना नवी दिशा मिळाली.

नमुना देणाऱ्या रुग्णाला स्वतःला याचा लाभ होईलच असे नाही. तो देतो ते पुढच्यांसाठी. म्हणून नमुना कशासाठी वापरणार हे त्याच्या भाषेत सांगून संमती घ्यावी लागते. नकार दिला तरी उपचारात फरक पडता कामा नये. कुपीवर नावाऐवजी संकेतांक असतो. जनुकातील दोष कळला, तर तो भावंडांचा आणि मुलांचाही प्रश्न होतो. 'बीएमपीआर-२' मधील बिघाड असलेल्या बहुतेकांना हा रोग होत नाही, हेही त्यांना नीट समजावायला हवे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत अशा नमुनासंग्रहांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे.

विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारून पाहा : रुग्णाचे वय, चालू औषधे, रक्त घेतल्याची वेळ आणि संमती यांपैकी कोणती नोंद नसेल, तर कुपी निरुपयोगी ठरेल? चर्चेत मुलांच्या लक्षात येईल, की नुसते रक्त म्हणजे नमुना नव्हे. नोंद आणि विश्वास यांसह घेतलेले रक्त म्हणजे नमुना.